बंद केलेल्या नळ्या

१९७०च्या दशकात अमेरिकेत विकल्या गेलेल्या जवळपास कुठल्याही गाडीचं बोनेट उघडलं, की कार्बोरेटरभोवती रबरी नळ्यांचं जंजाळ दिसतं. या नळ्यांबद्दल माझं मत अनेक वर्षं पक्कं होतं. हे सगळं सरकारने चांगल्या इंजिनावर लादलेलं आहे, ते काढून टाकलं की इंजिन मोकळं होतं, असं मी मानायचो. नुसतं मानायचो नाही, सांगायचोही. शनिवारी सकाळी जुन्या गाड्यांचे शौकीन एका कॉफीच्या दुकानाबाहेर जमतात. तिथे कुणी नवखा येऊन विचारायचा, ‘ही नळी कशाची?’ मी म्हणायचो, ‘काढून टाक आणि बूच लाव.’ ती नळी कशाची, हे बहुतेक वेळा मलाच माहीत नसायचं. आज लाज वाटते ती चुकीचा सल्ला दिल्याची कमी, आणि माहीत नसताना इतक्या ठामपणे दिल्याची जास्त.

हे मत आलं कुठून, ते मी बरंच शोधलं. त्याचं मूळ मी आज राहतो त्या कॅलिफोर्नियात नाही, पुण्यात आहे. नव्वदच्या दशकात मी पुण्यात वाढलो. सिक्स सीटर रिक्षा काळा धूर सोडायच्या, टू-स्ट्रोक स्कूटर निळा. संध्याकाळी अलका टॉकीजच्या चौकात सिग्नलला थांबलं की डोळे चुरचुरायचे. याच शहरात प्रत्येक गाडीकडे पीयूसीचा कागद होता. कॉलेजात असताना एका केंद्रावर मी स्कूटर बंदही केली नव्हती आणि नळी लावलीही गेली नव्हती, तोवर पास झाल्याचा कागद माझ्या हातात आला. मला त्याचं काही वाटलं नाही, उलट वेळ वाचल्याचा आनंद झाला. प्रदूषणनियंत्रण म्हणजे हा कागद, ही माझी पहिली समजूत. सुट्टीत मी नाना पेठेत एका मिस्त्रींकडे बसायचो. माणूस हाताचा फार कुशल. आवाजावरून ते टायमिंग ओळखायचे. त्यांचं म्हणणं असायचं, पोल्युशनसाठी म्हणून इंजिनावर जे काही चढवतात त्याने पिकअप मरतो आणि ॲव्हरेज पडतो. मी ते जसंच्या तसं उचललं. त्यांच्या हातातलं कसब मात्र तेवढं उचलता आलं नाही.

अमेरिकेत आल्यावर या समजुतीला नवं खतपाणी मिळालं. जुन्या गाड्यांवरच्या लिखाणात सत्तरच्या दशकातलं इंजिन हे नेहमी गळा दाबलेलं इंजिन असतं. त्यात तथ्य नाही असं मी आजही म्हणणार नाही. मी जी गाडी घेतली, ती १९७५ची एमजीबी. आज भारतात एमजी हे नाव हेक्टरमुळे घरोघरी माहीत आहे, पण ही एमजी वेगळ्या जमान्यातली: इंग्लंडमधल्या ॲबिंग्डनच्या कारखान्यात १९६२ ते १९८० या काळात पाच लाखांहून जास्त संख्येने तयार झालेली, दोन माणसांची, छोटी, उघड्या टपाची. हिचं १७९८ सीसीचं इंजिन बीएमसीच्या बी-सीरीज घराण्यातलं. आपल्या अँबॅसॅडरचं १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन याच घराण्यातलं. सुरुवातीच्या एमजीबीची ताकद ९५ अश्वशक्ती सांगितली जायची, १९७५च्या अमेरिकन गाडीची ६२.५. हे दोन आकडे शेजारीशेजारी ठेवले की माझा मुद्दा सिद्ध झाला, असं मला वाटायचं. कंप्रेशन रेशो कमी केलेला होता, दोन एसयू कार्बोरेटरच्या जागी एकच झेनिथ-स्ट्रॉम्बर्ग आला होता, इनलेट आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्ड एकाच ओतीव तुकड्यात होते. ताकद घटण्याची मोठी कारणं ही होती. शिवाय मधल्या काळात अमेरिकेत अश्वशक्ती मोजण्याची पद्धतच बदलली होती. नळ्यांचा वाटा यात किती होता, हे मी कधी स्वतःला विचारलं नाही. आकडे पडले होते, नळ्या डोळ्यांसमोर दिसत होत्या, तेवढं मला पुरलं.

माझी गाडी मूळ ॲरिझोनातली, त्यामुळे तिला गंज नव्हता. घरी आणल्यावर पहिलं मोठं काम मी केलं ते वेबर कार्बोरेटर बसवण्याचं. वेबर ३२/३६ हा या कामासाठी जगभर सर्वांत जास्त वापरला जाणारा कार्बोरेटर असावा. दोन थ्रॉटल, एक ३२ मिलिमीटरचा आणि दुसरा ३६चा. हलक्या पायाने चालवताना पहिलाच उघडतो, जोरात दाबलं की दुसरा. वेबर ही मूळची इटलीतल्या बोलोन्याची कंपनी, आता हे कार्बोरेटर स्पेनमधून येतात. संचात वेगळं इनलेट मॅनिफोल्ड असतं, गॅस्केटं असतात, चोकची वायर असते. जुन्या कार्बोरेटरवरच्या नळ्यांचं काय करायचं, यावर मात्र पत्रकात जवळपास काही नसतं. नव्या कार्बोरेटरला त्या सगळ्या नळ्यांसाठी तोट्याच नाहीत. डिस्ट्रीब्युटरसाठी एक बारीक तोटी आहे, बस. मी त्याचा अर्थ लावला की बाकीच्या नळ्यांची गरज नाही. दुकानातून वेगवेगळ्या मापांच्या रबरी टोप्यांचं पाकीट आणलं आणि एकेक तोंड बंद करत गेलो. एअर पंप काढला, त्याचा पट्टा काढला, गल्प व्हॉल्व्ह काढला, ईजीआर व्हॉल्व्ह मॅनिफोल्डबरोबर गेला, कोपऱ्यातला काळा गोल डबा काढला. टॅपेट कव्हरमधून वर येणाऱ्या जाड नळीला टोपी. रॉकर कव्हरच्या तोटीला टोपी. टाकीकडून येणारी नळी होती, तिचं काय करावं कळेना. ती तशीच खाली वळवून ठेवली.

बोनेटखालची जागा सुंदर दिसायला लागली. गाडी पळायलाही लागली. हे मी लपवणार नाही: वेबरने गाडी खरोखर चांगली पळते. थंड असताना सुरू होते, पिकअपला अडखळत नाही. त्या आनंदात मी नळ्या काढण्याचं श्रेयही जोडून टाकलं. सुधारणा कार्बोरेटर आणि मॅनिफोल्डमुळे झाली होती, पण मी दोन्ही कामं एकाच वेळी केली होती. मी व्यवसायाने इंजिनिअर आहे. एका वेळी दोन गोष्टी बदलल्या तर कशाने काय झालं ते सांगता येत नाही, हे मी माझ्या हाताखालच्या मुलांना शिकवतो.

मग तक्रारी सुरू झाल्या, आणि प्रत्येक तक्रार मला वेगळीच वाटत होती. इंजिनाखाली तेलाचे थेंब पडायला लागले. इंग्लिश गाड्या तेल गळतातच, म्हणून मी रॉकर कव्हरचं गॅस्केट बदललं आणि खाली पुठ्ठा अंथरला. थेंब वाढले. डिपस्टिकच्या भोकाभोवतीही तेल दिसायला लागलं. चावी फिरवून बंद केल्यावर गरम इंजिन खडखडत, धक्के खात थोडा वेळ चालूच राहायचं. ठिणगी बंद असूनही गरम सिलिंडरमध्ये पेट्रोल आपोआप पेट घेत होतं. मी ऑक्टेन वाढवून बघितलं. तेलाच्या फिलर कॅपखाली पिवळसर, दह्यासारखा साका दिसला, तो पुसून टाकला. या सगळ्यांचा एकमेकांशी आणि माझ्या टोप्यांशी संबंध असेल, हे डोक्यातही आलं नाही. खरं तर येऊ दिलं नाही. टोप्या हे माझं काम होतं, आणि जिथे आपण काम केलंय तिथे दोष शोधायला हात लवकर जात नाही.

उन्हाळ्यात आई पुण्याहून आली. आमचं गॅरेज घराला लागून आहे, मधे एक दार, आणि तिची खोली त्या दाराच्या जवळ. एका सकाळी चहा घेताना ती म्हणाली, ‘अरे, रात्रभर पेट्रोलचा वास येतो मला. तुझी गाडी गळतेय का कुठे?’ मी म्हटलं, ‘आई, जुनी गाडी आहे, थोडा वास यायचाच.’ ती पुढे काही बोलली नाही. पण दुसऱ्या दिवशी मी ऑफिसातून आलो तर तिने दाराखालच्या फटीत जुना टॉवेल गुंडाळून लावला होता.

तो टॉवेल बघून मी गॅरेजमध्ये गेलो. गाडीच्या मागे, भिंतीला लागून, घरातलं पाणी तापवायचा गॅसचा हीटर आहे. तो जमिनीवर ठेवलेला नाही, एका लाकडी चौथऱ्यावर ठेवलाय. मी रोज त्याच्या समोरून जातो, चौथऱ्याखालच्या जागेत चपला ठेवतो. तो उंच का आहे, हे त्या दिवशी पहिल्यांदा मनात आलं. मी बघितलं. इथल्या बांधकामाच्या नियमात गॅरेजमधल्या हीटरची ज्योत जमिनीपासून निदान १८ इंच वर असावी असं आहे, कारण पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते आणि जमिनीलगत पसरते. म्हणजे ज्याने हे घर बांधलं, त्याने माझी गाडी कधी न पाहता तिच्या वाफेचा विचार केला होता. मी गाडीचा मालक, आणि टाकीच्या नळीचं उघडं तोंड मी जमिनीकडे वळवून ठेवलं होतं. पलीकडच्या खोलीत आई झोपत होती.

त्या रात्री मी कारखान्याच्या मॅन्युअलमधली आकृती उघडली. ती माझ्याकडे पहिल्यापासून होती. त्या पानावर बोटांचे डाग नव्हते. बाकी सगळ्या पानांवर होते. काढून खोक्यात टाकलेले भाग जमिनीवर मांडले आणि टाकीपासून सुरुवात करून प्रत्येक नळी बोटाने चालत गेलो.

टाकीतली वाफ नळीने पुढे येते आणि त्या काळ्या डब्यात जाते. डब्यात सक्रिय कोळसा आहे. गाडी उन्हात उभी असताना टाकीत आणि कार्बोरेटरच्या फ्लोट चेंबरमध्ये जी वाफ होते, ती कोळसा धरून ठेवतो. पण कोळसा किती धरेल? कधीतरी तो रिकामा व्हायला हवा. त्यासाठी इंजिन चालू असताना डब्याच्या खालून ताजी हवा आत येते आणि वाफ घेऊन वर निघते. ही हवा ओढतं कोण? मला वाटलं होतं डब्याची वरची नळी कार्बोरेटरला जात असेल. ती जात होती रॉकर कव्हरला. मी जिला टोपी घातली होती, त्या तोटीला. त्या तोटीत एक बारीक भोक आहे, इतकं बारीक की मी ते कधीतरी अडकलेला कचरा समजून मोठं करायच्या विचारात होतो. ते भोक हवा मोजून आत सोडतं. तिथून ही हवा रॉकर कव्हरखालून, पुशरॉडच्या वाटेने, क्रँककेसमध्ये उतरते. तिथे पिस्टनच्या रिंगांमधून निसटलेला वायू असतो: अर्धवट जळलेलं पेट्रोल, पाण्याची वाफ, आम्लं. हवा तो वायू सोबत घेते आणि टॅपेट कव्हरमधून वर येते. कव्हरच्या तोंडाशी तेल अडवणारी जाळी आहे. मग ती जाड नळी, आणि ती थेट जुन्या कार्बोरेटरमध्ये अशा जागी जायची जिथे ओढ हलकी आणि जवळपास कायम सारखी असते. तिथून सिलिंडरमध्ये. सगळं जळून जायचं.

मी जमिनीवर बसून हे पुन्हा पुन्हा बघितलं. मी ज्यांना चार वेगवेगळ्या कटकटी समजत होतो, तो एकच रस्ता होता. टाकीची वाफ साफ करणारी हवाच इंजिनाचं पोट साफ करत होती, आणि दोन्हींना ओढणारा कार्बोरेटर त्यांना इंधन म्हणून वापरत होता. आणि डब्याच्या खालच्या तोंडाशी, जिथून ताजी हवा आत येते, तिथे एक छोटा विजेवर चालणारा व्हॉल्व्ह होता. तोही माझ्या खोक्यात होता. चावी बंद केली की तो ताज्या हवेची वाट मिटतो आणि मॅनिफोल्डची ओढ डब्यातून उलटी फ्लोट चेंबरपर्यंत पोचवतो. पेट्रोलवरचा दाब उतरतो, जेटमधून पेट्रोल येत नाही, इंजिन खडखडत न राहता थांबतं. हा व्हॉल्व्ह तेलाच्या दाबाच्या स्विचवर चालतो. इंजिन थांबलं, तेलाचा दाब गेला, की व्हॉल्व्हही बंद. बॅटरी उतरत नाही. जो डबा वाफ धरायला होता, त्याच डब्यातून इंजिन शांत करण्याचंही काम कुणीतरी करून घेतलं होतं.

ती कल्पना सुंदर आहे, हे मला कबूल करायलाच लागलं. हे कुणी नियमाचा कागद भरायला केलेलं काम नव्हतं. ॲबिंग्डनला किंवा लाँगब्रिजला, पैशाच्या टंचाईत चालणाऱ्या कंपनीत, एखाद्या ड्रॉइंग बोर्डावर बसून कुणीतरी विचार केला होता की हवा कुठून येईल, किती येईल, वाटेत काय काय उचलेल. मी त्याला विचारलंही नाही. मी मधेच कापून दोन्ही टोकांना टोप्या घातल्या. गळणारं तेल, साका, खडखड आणि आईच्या खोलीतला वास, या सगळ्यांचं उत्तर त्या एका पानावर होतं. बंद क्रँककेसमधला दाब कुठूनतरी बाहेर पडणारच. तो सील आणि डिपस्टिकच्या वाटेने तेल घेऊन बाहेर पडत होता. पाण्याची वाफ बाहेर जात नव्हती, म्हणून तेलात साका.

मला राग आला, पण तो नाना पेठेतल्या मिस्त्रींवर नाही. त्यांच्यासमोर अशी इंजिनं आलीच नव्हती. माझ्यासमोर इंजिन होतं, मॅन्युअल होतं आणि शिक्षण होतं. मी अज्ञानी नव्हतो. मला माहिती नको होती.

यानंतर मी वाचायला लागलो. मी ज्या भागात राहतो, लॉस एंजेलिसच्या पूर्वेला, सॅन गॅब्रिएल डोंगरांच्या पायथ्याशी, तिथे समुद्रावरून येणारा वारा शहराची हवा आणून सोडतो आणि डोंगर ती अडवून धरतात. ओझोनच्या बाबतीत हा देशातल्या सर्वांत वाईट भागांपैकी एक. १९४३च्या जुलैमध्ये लॉस एंजेलिसवर असं धुकं उतरलं की लोकांना वाटलं शत्रूने विषारी वायू सोडलाय. ते गाड्यांमधून येतंय हे सिद्ध करणारा माणूस हॉलंडमधून आलेला आर्ये हागेन-स्मिट. तो कॅलटेकमध्ये अननसाच्या स्वादातली रसायनं शोधत होता. तीच तंत्रं त्याने शहराच्या हवेवर वापरली. न जळलेलं पेट्रोल आणि नायट्रोजनची ऑक्साइडं यांच्यावर ऊन पडलं की त्या धुक्यातला ओझोन तयार होतो, हे त्याने पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला दाखवलं. वाहन उद्योगाला ते पटायला बराच काळ गेला. पुढे कॅलिफोर्नियाच्या हवा मंडळाचा तो पहिला अध्यक्ष झाला.

माझ्या टोप्यांच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट वेगळी आहे. प्रदूषणासाठी म्हणून गाडीवर आलेलं पहिलं साधन कन्व्हर्टर नव्हतं, क्रँककेसची नळी होती. त्याआधीच्या इंजिनांत हा वायू एका उघड्या पाइपाने सरळ रस्त्यावर सोडत. ज्या गाडीवर कसलंच नियंत्रण नाही, तिच्यातून बाहेर पडणाऱ्या न जळलेल्या इंधनापैकी सुमारे पाचवा हिस्सा एकट्या त्या पाइपातून जायचा, आणि जवळजवळ तेवढाच टाकी आणि कार्बोरेटरमधून नुसता उडून. म्हणजे सायलेन्सरला हात न लावता, इंजिनाची जवळपास काहीच ताकद न घेता, सर्वांत मोठा फरक पडणार होता तो मी बंद केलेल्या दोन नळ्यांनी. कॅलिफोर्नियात १९६१च्या नव्या गाड्यांपासून क्रँककेसची नळी आली. एमजीबीवर साठच्या दशकाच्या मध्यातच तिच्यासाठी व्हॉल्व्ह आला होता. ज्या ‘मोकळ्या’ जुन्या एमजीबीची मी स्तुती करायचो, तिच्यावरही हे होतं.

शेजारच्या घरातल्या आजी इथेच वाढल्या. मी त्यांना सहज विचारलं, लहानपणी हवा कशी होती. त्या म्हणाल्या, धुक्याचा इशारा आला की शाळेत मैदानावर जाऊ द्यायचे नाहीत. खोल श्वास घेतला की छातीत टोचायचं. आमच्या रस्त्यावरून डोंगर दिसतात, हे बाहेरून नव्याने राहायला आलेल्यांना महिनोन्महिने कळायचं नाही. आज माझ्या खिडकीतून तेच डोंगर बहुतेक दिवस दिसतात, आणि गाड्या मात्र तेव्हाच्या कितीतरी पट आहेत. मी हे त्यांना बोलून दाखवलं नाही. माझ्या गॅरेजमध्ये काय होतं ते त्यांना माहीत नव्हतं.

मग जोडणीचं काम. इथे कुणाला उपयोग होईल म्हणून थोडं सविस्तर लिहितो, कारण मी हे शोधत होतो तेव्हा बहुतेकांचं उत्तर ‘बूच लाव’ हेच होतं. वेबरमध्ये जुन्या कार्बोरेटरसारखी हलक्या ओढीची जागा नाही. टॅपेट कव्हरची नळी सरळ मॅनिफोल्डला लावली तर आयडलला तिथे पाऱ्याच्या १८-२० इंचांची ओढ असते. ती तेलसुद्धा ओढून घेते आणि मिक्सचर पातळ करते. मधे पीसीव्ही व्हॉल्व्ह लागतो, जो ओढ जास्त असताना वाट अरुंद करतो. साठच्या दशकातली एमजीबी नेमकं हेच करायची. रॉकर कव्हरची बारीक भोकाची तोटी जशी होती तशीच ठेवायची, भोक मोठं करायचं नाही, आणि फिलर कॅप हवाबंदच हवी. डबा परत बसवला, कोळसा नवा भरला, टाकीची नळी त्याला जोडली. यानंतर आयडल आणि मिक्सचर नव्याने लावावं लागतं, कारण आता हवा दोन वाटांनी येते. वेबरच्या फ्लोट चेंबरला बाहेरची तोटी नाही, म्हणून तो विजेचा सुंदर व्हॉल्व्ह या जोडणीत काही करू शकत नाही. त्याच्याऐवजी आयडलचं पेट्रोल तोडणारा सोलेनॉइड लावला. याचं मला खरंच वाईट वाटतं. डिस्ट्रीब्युटरची नळी वेबरच्या बारीक तोटीला जाते. ती तोटी थ्रॉटलच्या किंचित वर आहे, म्हणून आयडलला तिथे ओढ नसते. तुमचा डिस्ट्रीब्युटर मॅनिफोल्डच्या ओढीसाठी जुळवलेला असेल तर टायमिंग पुन्हा तपासा. शेवटी व्हॅक्यूम गेज लावून बघा, काटा स्थिर हवा. थरथरला तर कुठेतरी हवा चोरून आत येत असू शकते.

तेल थांबलं. पूर्ण नाही, पण पुठ्ठा आता अंथरत नाही. साका गेला. गाडी पूर्वीइतकीच पळते. म्हणजे ज्या नळ्यांनी ताकद खाल्ली असं मी सांगत होतो, त्यांनी काहीच खाल्लं नव्हतं. पुढच्या वेळी आई आली तेव्हा तिला वास आला नाही. मी तिला विचारलं, तर म्हणाली, ‘मागच्या वेळी मी सांगितलं तेव्हाच बघायचं होतंस ना.’

शनिवारच्या त्या ठिकाणी मी अजून जातो. इतकी वर्षं ज्यांना ‘बूच लाव’ म्हटलं, त्यांतले जे भेटले त्यांना सांगितलं की माझं चुकलं. दोघांनी ऐकून घेतलं. एकाला पटलं नाही. त्याच्या गाडीखाली तेल आहे. तिथे येणाऱ्या एका तरुण मुलाने अलीकडे १९७९ची एमजीबी घेतली आणि मला विचारलं, ‘काका, वेबर लावायला मदत कराल?’ त्याच्या गाडीला दर दोन वर्षांनी स्मॉग चेक द्यावा लागतो, तिथे सगळी मूळ साधनं जागेवर असावी लागतात. दुसरा कार्बोरेटर लावायचा तर त्याला हवा मंडळाची त्या गाडीसाठीची मंजुरी लागते. मी त्याला आधी प्रत्येक नळीच्या दोन्ही टोकांना चिठ्ठी बांधायला आणि फोटो काढायला लावलं. झेनिथ-स्ट्रॉम्बर्गचं फाटलेलं रबरी डायफ्राम बदलल्यावर त्याची अर्धी तक्रार गेली.

माझ्या गाडीला चेक नाही. इथे १९७५ आणि त्याआधीच्या गाड्यांना त्यातून सूट आहे. वर्षानुवर्षं मी या नियमाचं एवढंच वाक्य वाचलं होतं. तपासणीतून सूट म्हणजे साधनं काढायची सूट नव्हे, हे पुढचं वाक्य. एअर पंप, गल्प व्हॉल्व्ह आणि ईजीआर अजून माझ्या खोक्यातच आहेत. ईजीआर वेबरच्या मॅनिफोल्डवर बसतच नाही. आणि या वेबर संचाला मंडळाची मंजुरी नाही. सगळं नीट करायचं तर मूळ मॅनिफोल्ड आणि मूळ कार्बोरेटर परत लावावे लागतील. त्या मॅनिफोल्डला तडा आहे. बिडाचं वेल्डिंग भरवशाचं होत नाही, दुसरं चांगलं मॅनिफोल्ड मी शोधतोय. खरी अडचण वेगळी आहे: वेबरने गाडी छान चालते आणि तो काढायला माझं मन अजून तयार होत नाही. पंपाचं बेअरिंग बदलून घेतलंय. तोवर ओझोनचा इशारा असलेल्या दिवशी मी ही गाडी बाहेर काढत नाही.